एका गाण्याचे दोन सातबारे

गीतरामायणातलं कुठलंही एक गाणं घ्या. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल सुधीर फडक्यांची. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीने ही ५६ गाणी आठवड्याला एक अशी ऐकवली, तेव्हा माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे वेगवेगळे गायक ती गायले. पुढे एचएमव्हीने फडक्यांच्याच आवाजात त्यांच्या तबकड्या काढल्या आणि बहुतेक घरांत पोचल्या त्या याच. शब्द तेच, चालही तीच. पण आकाशवाणीचं ध्वनिमुद्रण वेगळं, एचएमव्हीचं वेगळं. त्यानंतर ही गाणी किती जणांनी गायली आणि किती भाषांत नेली, त्याला गणती नाही.

मग यातलं ‘गाणं’ नेमकं कुणाचं?

संगीताच्या धंद्यात नवीन आलेला मुलगा ज्या शब्दांना बिचकतो, मास्टर, पब्लिशिंग, मेकॅनिकल, सिंक, रिकूप वगैरे, त्यातले बहुतेक या एका प्रश्नाच्या उत्तरातून निघतात. उत्तर असं की प्रत्येक गाण्याचे दोन सातबारे असतात. एक शब्द-चालीचा आणि दुसरा ध्वनिमुद्रणाचा. ऐकणाऱ्याला गाणं एकच वाटतं, पण दोन्ही उताऱ्यांवरची नावं वेगळी, बोजे वेगळे आणि विकण्याचे व्यवहारही वेगळे. नवोदित फसतो तो बहुतेक वेळा इथेच. एकावर सही करतोय असं त्याला वाटत असतं आणि कागदावर दोन्ही लिहिलेले असतात.

धंद्याच्या बोलीत पहिल्याला ‘कम्पोझिशन’ म्हणतात, कधी नुसतं ‘वर्क’. त्यातून येणारा पैसा आणि त्याचा सगळा कारभार म्हणजे ‘पब्लिशिंग’. छापील पुस्तकांशी याचा आता काही संबंध उरलेला नाही, त्यामुळे ‘माझं पब्लिशिंग कुणाकडे आहे’ हा प्रश्न ऐकून गोंधळू नये. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तर हा पहिला उताराही आतून दोन भागांचा आहे: शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती, आणि संगीतकृतीच्या व्याख्येतून शब्द स्पष्टपणे वगळलेले आहेत. गीतकार आणि संगीतकार शेजारी खरे, पण सामाईक मालक नव्हेत. चाल कागदावर स्वरलिपीत उतरवलेली असली पाहिजे अशीही अट नाही. ज्याने पेटीवर बसून चाल बांधली तो संगीतकार, नोटेशन येवो न येवो.

दुसऱ्या उताऱ्याचं नाव ‘मास्टर’. म्हणजे ते विशिष्ट ध्वनिमुद्रण. कायद्याच्या लेखी त्याचा कर्ता असतो निर्माता, म्हणजे ज्याने ते ध्वनिमुद्रण करवून घेतलं तो. गायक नाही, संगीतकार नाही, रात्रभर जागून मिक्स करणारा इंजिनिअरही नाही. स्वतःच्या खिशातून स्टुडिओ आणि वादकांचे पैसे देऊन तुम्ही गाणं केलंत तर निर्माते तुम्हीच, मास्टर तुमचा. लेबलने म्हणजे संगीत कंपनीने खर्च केला तर सहसा तिचा. एक घोटाळा इथेच मिटवून टाकू: ‘मास्टरिंग’ हा शब्द याच घराण्यातला असला तरी त्याचा मालकीशी संबंध नाही. मिक्स झालेल्या गाण्यावरचा तो शेवटचा तांत्रिक हात. ‘मास्टरिंगचे पैसे मी भरले, म्हणजे मास्टर माझा’ असा युक्तिवाद कुणी केला तर त्याला चहा पाजावा आणि करारनामा वाचायला द्यावा.

दोन उतारे किती वेगळे असतात हे तरुण वाचकांना टेलर स्विफ्टमुळे ठाऊक झालं आहे. तिच्या पहिल्या सहा अल्बमचे मास्टर जुन्या कंपनीकडे होते आणि २०१९ मध्ये ती कंपनी विकली गेली, तेव्हा मास्टरही नव्या मालकाकडे गेले. पण गाणी लिहिणारी ती स्वतःच, त्यामुळे पहिल्या उताऱ्यावर तिचं नाव होतं. तिने तीच गाणी पुन्हा गाऊन, पुन्हा ध्वनिमुद्रित करून २०२१ पासून एकेक अल्बम नव्याने काढायला सुरुवात केली. नवं ध्वनिमुद्रण, नवा मास्टर, मालक ती. शेवटी मे २०२५ मध्ये तिने जुने मास्टरही विकत घेतले. आपल्याकडच्या गायकाला हे सहज जमणार नाही, कारण बहुतेकदा तो गीतकारही नसतो आणि संगीतकारही नसतो.

मुदतीही वेगळ्या धावतात. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या हयातीपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, गाणारा असो नसो. गदिमा १९७७ मध्ये गेले, बाबूजी म्हणजे फडके २००२ मध्ये. सर्वसाधारण नियमाने या जोडीच्या गाण्याचे शब्द २०३७ अखेर मोकळे होतील आणि चाल २०६२ अखेर. मधली २५ वर्षं अशी विचित्र असतील की शब्द छापायला कुणाला विचारावं लागणार नाही, पण त्याच चालीत ते गायचे तर विचारावं लागेल. याहून मजेदार प्रकार अभंगांचा. तुकोबांचे शब्द कुणाच्याच मालकीचे नाहीत; याला ‘पब्लिक डोमेन’ म्हणतात. वारकरी फडावरची पारंपरिक चालही तशीच. पण श्रीनिवास खळ्यांनी बांधलेली चाल खळ्यांची आणि ते २०११ साली गेले, तेव्हा ती २०७१ अखेरपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या हक्कात राहणार. ‘अभंग आहे, कॉपीराइट कसला?’ असं म्हणून यूट्यूबवर गाणं चढवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी जो ‘क्लेम’ येतो, तो यामुळे.

त्या क्लेमला घाबरूनही जाऊ नये. यूट्यूबची ‘कॉन्टेंट आयडी’ नावाची यंत्रणा चढवलेल्या आवाजाची तुलना मालकांनी दिलेल्या नमुन्यांशी करते आणि जुळलं की मालकाच्या वतीने क्लेम लावते. सहसा एवढंच होतं की त्या व्हिडिओवरच्या जाहिरातींचा पैसा मालकाकडे वळतो. ‘स्ट्राइक’ हा वेगळा आणि गंभीर प्रकार. त्यात व्हिडिओ उतरवला जातो आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनलच बंद होऊ शकतं. क्लेम कधीकधी चुकीचाही लागतो. बाजारात मिळणारा एखादा ‘रॉयल्टी-फ्री’ लूप दहा जणांनी वापरला आणि त्यातल्या एकाने आपलं गाणं कॉन्टेंट आयडीत घातलं की उरलेल्या नऊ जणांवर क्लेम येतात. रॉयल्टी-फ्री म्हणजे एकदा पैसे भरले की पुढे दर वापराला द्यावे लागत नाहीत, एवढंच. तो लूप तुमचा झाला, असं नव्हे.

आता गायकाकडे वळू, कारण दोन्ही उताऱ्यांवर त्याचं नाव नाही आणि रसिकांच्या लेखी गाणं त्याचंच असतं. साठच्या दशकात लता मंगेशकरांनी गायकांनाही रॉयल्टी मिळाली पाहिजे अशी भूमिका घेतली. मोहम्मद रफींचं म्हणणं असं की गाण्याचे पैसे घेतले, तिथे व्यवहार संपला. दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. हा प्रसंग नेहमी दोन मोठ्या कलावंतांच्या रुसव्याची गोष्ट म्हणून सांगितला जातो. मला तो आपल्याकडच्या ‘लमसम’ विरुद्ध ‘रॉयल्टी’ या वादाचा पहिला जाहीर खटला वाटतो. लमसम म्हणजे एकरकमी, हिशेब मिटला. रॉयल्टी म्हणजे गाणं जितक्या वेळा कमावेल तितक्या वेळा वाटा. कायद्याने गायक-वादकांना ‘परफॉर्मर’ म्हणून हक्क दिला तो १९९४ च्या दुरुस्तीने, आणि व्यापारी वापरातल्या रॉयल्टीचा स्पष्ट हक्क २०१२ च्या. त्याची मुदत ५० वर्षं. हा पैसा गोळा करण्यासाठी २०१३ मध्ये गायकांची ‘इस्रा’ ही संस्था निघाली. पुढे वादकही तिच्यात आले आणि आज तिचं नाव ‘इसामरा’ आहे.

मात्र परफॉर्मरचा हक्क म्हणजे गाण्यावरचा हक्क नव्हे. २०१७ साली संगीतकार इळैयाराजांनी गायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांना कायदेशीर नोटीस पाठवली, की माझ्या रचना माझ्या परवानगीशिवाय मैफलीत गाऊ नका. ज्या गाण्यांनी ‘एसपीबी’ घरोघरी पोचले तीच गाणी त्यांनी परदेश दौऱ्याच्या कार्यक्रमांतून बाजूला ठेवली आणि इतर संगीतकारांची गायली. लोक हळहळले, इळैयाराजांवर रागावलेही. मैत्रीच्या अंगाने ते कटू होतं खरं, पण हिशेबाच्या अंगाने बघितलं तर आवाज एकाचा आणि चाल दुसऱ्याची, इतकी साधी बाब होती.

रॉयल्टी हा एकच झरा नसतो, आणि कोणता पैसा कुठल्या उताऱ्यावर जमा होतो हे कळलं की उरलेले शब्द आपोआप सुटतात. गाणं लोकांपुढे वाजलं, हॉटेलात, रेडिओवर, मैफलीत, तर शब्द-चालीच्या मालकांना मिळतो तो ‘परफॉर्मन्स’चा पैसा. गाण्याची प्रत निघाली, पूर्वी तबकडी-कॅसेट, आता स्ट्रीमिंगमधली डिजिटल प्रत, तर ‘मेकॅनिकल’. सिनेमा, मालिका किंवा जाहिरातीत दृश्याला गाणं जोडलं तर ‘सिंक’. सिंकमध्ये दोन्ही उताऱ्यांवर जावं लागतं. जाहिरातवाल्याला जुनं भावगीत मूळ आवाजातच हवं असेल तर शब्द-चालीच्या मालकाची परवानगी वेगळी आणि मास्टरची वेगळी. मास्टरवाल्याने फार मागितले तर तो नव्या गायिकेकडून तेच गाणं गाऊन घेतो आणि दुसऱ्या दाराला जातच नाही. टीव्हीवर जुनी गाणी नव्या आवाजात ऐकू येतात त्यामागे कलेपेक्षा हे गणित जास्त वेळा असतं.

हे पैसे एकेकट्या गीतकाराने हॉटेलोहॉटेली जाऊन गोळा करणं अशक्य, म्हणून संस्था. गीतकार, संगीतकार आणि पब्लिशर यांच्यासाठी ‘आयपीआरएस’, स्थापना १९६९, कार्यालय मुंबईत. ध्वनिमुद्रणांच्या जाहीर वापराचे परवाने अनेक लेबलांच्या वतीने ‘पीपीएल’ देते, ती १९४१ पासूनची. हॉटेलवाल्याला दोन वेगळ्या पावत्या का लागतात, हे आता सांगायला नको. नवोदित गीतकाराने पहिलं गाणं बाजारात येताच करायचं काम म्हणजे आयपीआरएसचं सभासदत्व घेणं आणि गाणं तिथे नोंदवणं. न नोंदवलेल्या गाण्याचा पैसा जमा झाला तरी कुणाला द्यायचा हे संस्थेला कळत नाही.

आयपीआरएसचा इतिहास मात्र रडकथेने भरलेला आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चित्रपटासाठी मोबदला घेऊन संगीत करून दिलं आणि उलट करार नसला, तर पहिला मालक निर्माता. त्यानंतर पस्तीस वर्षं हिंदी-मराठी चित्रपटांचे गीतकार-संगीतकार लमसमवर सह्या करत राहिले. गाणी वाजत राहिली, पैसा दुसरीकडे जात राहिला. २०१२ ची दुरुस्ती झाली त्यात राज्यसभेत बसलेल्या जावेद अख्तरांचा पाठपुरावा मोठा होता. त्या दुरुस्तीने चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर वाजणं सोडून इतर प्रत्येक वापरासाठी गीतकार-संगीतकाराला हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीने रॉयल्टी मिळण्याची तरतूद केली, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा हक्क त्याला सोडून देता येणार नाही असं ठरवलं. ‘मी रॉयल्टी मागणार नाही’ असं लिहून त्याच्याकडून सही घेतली तरी ते कलम कायद्यापुढे टिकत नाही. तरीही अशी कलमं असलेले करारनामे नवोदितांच्या हातात पडतात. समोरच्याला कायदा माहीत नसतो असं नाही. तुम्हाला माहीत नसेल, यावर त्याची भिस्त असते.

आता ज्या शब्दाने सर्वांत जास्त घरं बुडवली त्याकडे: ‘अॅडव्हान्स’. नव्या मुलाला वाटतं हे मानधन. अॅडव्हान्स ही उचल असते. पुढच्या रॉयल्टीतून ती वळती होते, आणि या वळतं करण्यालाच ‘रिकूप’ म्हणतात. एक हिशेब मांडून बघू, आकडे समजण्यापुरते. लेबलने तुम्हाला ३ लाख अॅडव्हान्स दिला. व्हिडिओवर ५ लाख खर्च केले आणि करारात लिहिलं की व्हिडिओचा खर्चही रिकूपेबल. तुमची रॉयल्टी १५ टक्के. गाणं बरं चाललं, लेबलकडे १० लाख आले. तुमचा वाटा दीड लाख. पण तो तुमच्या हातात येत नाही, तुमच्या नावावरच्या ८ लाखांतून वजा होतो. तुमच्या खात्यावर अजून साडेसहा लाख बाकी. तिकडे लेबलने ८ लाख घातले आणि १० लाख घेतले, म्हणजे ते २ लाखांनी फायद्यात. एकाच गाण्यात एकजण कमावून बसला आणि दुसरा देणेकरी, आणि दोन्ही हिशेब बरोबर! कारण खर्च वसूल होतोय तो फक्त तुमच्या १५ टक्क्यांतून. तुम्हाला पुढचा पैसा दिसायला गाण्याने एकूण ५३ लाखांच्या वर कमवायला हवं. सही करण्यापूर्वी विचारायचं ते हे: कोणकोणता खर्च रिकूपेबल, आणि तो एकूण कमाईतून वळता होणार की माझ्या वाट्यातून? एकूण कमाईतून वळता झाला तर आकडेच वेगळे निघतात.

त्यालाच जोडून ‘क्रॉस-कोलॅटरल’ हे अवजड नाव. अर्थ इतकाच की पहिल्या गाण्याची बाकी दुसऱ्या गाण्याच्या कमाईतून कापली जाईल. दोन गाण्यांचे करार वेगळे असले तरी खातं एक. दिसलं की पेन्सिलने खूण करावी. ‘नेट’ हा शब्दही तसाच. ‘नेट रिसीट्सच्या २० टक्के’ यातलं नेट म्हणजे काय काय वजा जाता, हे करारातच व्याख्येत लिहिलेलं असतं, आणि व्याख्या नेहमी शेवटच्या पानांवर.

करारातली उरलेली भाषा घाईघाईने उरकतो. ‘एक्सक्लुझिव्ह’ म्हणजे त्या काळात दुसऱ्यासाठी गाणं नाही. ‘ऑप्शन’ म्हणजे पुढचे अल्बम घ्यायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार. तो लेबलचा, तुमचा नव्हे. ‘३६० डील’ म्हणजे मैफली, जाहिराती, टी-शर्ट, जे काही तुम्ही कमवाल त्यात लेबलचा वाटा. ‘टेरिटरी’ म्हणजे प्रदेश, ‘टर्म’ म्हणजे मुदत. या दोन्हींबाबत आपला कायदा नवख्याच्या बाजूने उभा आहे: हस्तांतराच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. लेबलवाले हे जाणतात. म्हणूनच ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण विश्वात’ असे शब्द इतक्या आग्रहाने छापलेले असतात. मंगळावर स्ट्रीमिंग सुरू झालंच तर तेही त्यांचं. ‘वर्क फॉर हायर’ ही अमेरिकी कायद्यातली कल्पना. तिकडचा नमुना उचलून इकडच्या करारात चिकटवलेली असते. भारतात तिचा तसाच्या तसा अर्थ लागेलच असं नाही, तरी वकिलाला दाखवल्याशिवाय त्यावर सही करू नये.

स्टुडिओतले शब्द कुणी शिकवावे लागत नाहीत, एक शिफ्ट बसलं की येतात. संगीतकार गीतकाराला चालीचा सांगाडा देतो, त्याला ‘मीटर’ म्हणतात आणि त्यात निरर्थक शब्द भरून गायलेल्या नमुन्याला ‘डमी’. गायक ठरेपर्यंत कुणीतरी गाऊन ठेवतो तो ‘स्क्रॅच’. मग ‘डबिंग’ म्हणजे खरा आवाज. चुकलेल्या ओळीपुरतं पुन्हा गाऊन मधेच जोडतात ते ‘पंच’. गाण्याच्या वेगवेगळ्या घटकांच्या, म्हणजे ताल, तंतुवाद्यं, कोरस यांच्या सुट्या फाइल म्हणजे ‘स्टेम्स’. त्या मागून घेऊन स्वतःकडे ठेवाव्यात. पाच वर्षांनी स्टुडिओ बंद पडलेला असतो.

या सगळ्यात ‘अरेंजर’ या माणसापाशी मात्र जरा थांबलं पाहिजे. संगीतकार पेटीवर चाल देतो. व्हायोलिनं कुठे उठतील, सेलो कुठे घुटमळेल, दोन कडव्यांमधलं संगीत काय असेल, हे पुष्कळदा अरेंजर ठरवतो. हिंदी चित्रपटसंगीताचा सोनेरी काळ म्हणतात त्यातला वाद्यवृंद मोठ्या प्रमाणात गोव्याच्या माणसांनी लिहिला आणि वाजवला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशनसाठी काम करणारे सेबॅस्टियन डिसोझा ही त्यातली मोठी नावं. मराठीत अनिल मोहिले. त्यांना पैसे मिळाले ते कामाचे. दोन्ही उताऱ्यांवर त्यांचं नाव लागलं नाही, आणि श्रेयनामावलीतही ‘सहाय्यक’ म्हणून किंवा तेही नाही. आज कम्प्युटरवर गाणं घडवणारा ‘म्युझिक प्रोड्यूसर’ याच जागी बसला आहे. तो हुशार असेल तर काम सुरू होण्यापूर्वीच ‘स्प्लिट शीट’ मागतो. एक साधा कागद: गाण्याचं नाव, तारीख, कुणाचे शब्द, कुणाची चाल, कुणाची मांडणी, प्रत्येकाचा पब्लिशिंगमधला टक्का, मास्टरमधला टक्का, सह्या. हा कागद गाणं हिट होण्यापूर्वी करायचा. नंतर कुणी सही करत नाही.

गाणं तयार झालं की ते स्पॉटिफाय, ॲपल, जिओसावन यांच्यापर्यंत पोचवणारा ‘डिस्ट्रिब्युटर’ किंवा ‘अॅग्रिगेटर’ लागतो. हा लेबल नव्हे. तो मास्टर घेत नाही, फक्त वाहतूक करतो आणि वर्षाची वर्गणी किंवा टक्का घेतो. वर्गणी थांबली की काहींकडे गाणी उतरवलीही जातात, ते आधी विचारून घ्यावं. तुमच्या ध्वनिमुद्रणाला एक बारा अक्षर-अंकी ओळख मिळते, ‘आयएसआरसी’: दोन अक्षरं देशाची, तीन नोंदणीदाराची, दोन अंक वर्षाचे आणि पाच अंक त्या ध्वनिमुद्रणाचे. शब्द-चालीसाठी वेगळा क्रमांक, ‘आयएसडब्ल्यूसी’. दोन उतारे, दोन क्रमांक. एकच ध्वनिमुद्रण दुसऱ्या अॅग्रिगेटरकडे नेलंत तर जुना आयएसआरसी सोबत न्यावा, नाहीतर यंत्राच्या लेखी ते नवं गाणं ठरतं आणि आधीची ऐकलेली संख्या मागे राहते.

नाव, क्रमांक, श्रेय, तारीख या सगळ्या माहितीला ‘मेटाडेटा’ म्हणतात. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा गाणं संपताच त्यांनी इंग्रजीत मोठ्याने सांगितलं, ‘माय नेम इज गौहर जान.’ लोक याला नखरा समजतात. पण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या कामगाराला कुठल्या मेणावर कुणाचा आवाज आहे हे कळण्यासाठी तो सांगावा होता. आज तेच काम फॉर्ममधले रकाने करतात आणि तिथे आपली मुलं ‘Sachin’चं स्पेलिंग तीन गाण्यांत तीन तऱ्हांनी भरतात. यंत्र तीन गायक समजतं आणि तीन खाती उघडतं.

स्ट्रीमिंगला ‘एका ऐकण्याचे इतके पैसे’ असा ठरलेला दर नसतो. वर्गणी आणि जाहिराती यांचा महिन्याचा एक मोठा गल्ला धरतात आणि एकूण ऐकण्यातला तुमचा वाटा जितका, तितका त्यातला भाग. स्पॉटिफायवर किमान ३० सेकंद वाजल्याशिवाय ते ऐकणं मोजत नाहीत, आणि २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा ऐकलं न गेलेल्या ध्वनिमुद्रणाला तिथे मास्टरची रॉयल्टीच मिळत नाही. त्यामुळे नव्या गायकाचं घर अजूनही चालतं ते स्टेजवर.

स्टेजची भाषा अस्सल आपली आहे. कार्यक्रम ठरला म्हणजे ‘सुपारी’ आली, एका प्रयोगाचे पैसे म्हणजे ‘नाइट’, आणि शास्त्रीय गवयाला मिळते ती ‘बिदागी’. यात नव्याने शिरलेला शब्द ‘रायडर’. कलाकाराच्या अटींची ही यादी असते: किती मॉनिटर, कुठला माइक, ‘साउंडचेक’ किती वाजता, जेवण काय. तांत्रिक रायडर आधी पाठवला नाही तर जत्रेच्या मैदानात सहा जणांच्या ऑर्केस्ट्राला दोन माइक मिळतात, आणि तेव्हा भांडून उपयोग नसतो.

‘कव्हर’बद्दलही याच ठिकाणी सांगायला हवं, कारण स्टेजवरचे निम्मे कलाकार दुसऱ्याचीच गाणी गातात. ऐंशीच्या दशकात गुलशन कुमारांच्या टी-सीरिजने जुनी गाणी नव्या आवाजात स्वस्त कॅसेटवर विकून बाजार हलवला, त्याला ‘व्हर्जन’ म्हणत. तेव्हा कायद्यात नोटीस आणि रॉयल्टी देऊन तसं करण्याची वाट होती. २०१२ नंतर ती वाट अरुंद झाली: मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षं झालेली हवीत, आणि दर वर्षाला किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची. घरच्या घरी गिटारवर गाणाऱ्याला हे झेपण्यासारखं नाही. तो यूट्यूबवर चढवतो आणि क्लेम मान्य करून पैसा सोडून देतो.

राहिलं लग्न. कायद्यात धार्मिक समारंभांना गाणं वाजवण्याची मोकळीक आहे आणि तिच्यात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले सामाजिक सोहळे स्पष्टपणे धरलेले आहेत. २०२३ मध्ये केंद्र सरकारने सूचना काढून लग्नात गाणी वाजवल्याबद्दल रॉयल्टी मागू नये असं सांगितलं. गोव्यात लग्नं हा मोठा व्यवसाय, म्हणून तिथल्या सरकारनेही जानेवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढलं. संगीत कंपन्या न्यायालयात गेल्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. कायद्यातली सवलत तशीच उभी आहे, पण ती कुठपर्यंत ताणायची हे परिपत्रकाने ठरवता येणार नाही. संगीत रजनीला तिकीट नसलं तरी रिसॉर्टचा मॅनेजर परवान्याचा कागद मागतो, यजमान ऑर्केस्ट्रावाल्याकडे बोट दाखवतो, ऑर्केस्ट्रावाला इव्हेंट कंपनीकडे. सुपारी घेताना त्या कागदावर एक ओळ वाढवून घ्यावी: आयपीआरएस आणि पीपीएलचे परवाने लागले तर ते आयोजकाने काढायचे, त्याचे पैसे नाइटमधून कापायचे नाहीत.